खिडकीजवळचं टेबल

सर्बियातल्या चाचाक शहरातल्या एका विमा कार्यालयात खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं आणि ल्युबिशा अस्वस्थ झाला. अख्खी नोकरी त्याने भिंतीकडे तोंड करून काढली होती. त्या खिडकीतून नदी दिसायची. टेबल कुणाला द्यायचं ते सोमवारी सगळ्यांनी मिळून ठरवायचं, असं देसांकाबाईंनी, म्हणजे साहेबांनी, सांगितलं होतं.

पण नव्याने आलेल्या तियानाचीही नजर तिथेच होती. ही पोरगी बोलली की सगळ्यांना पटायचं. ल्युबिशाने मुद्दे मांडायला घेतले की लोक घड्याळ बघायचे. तिच्यात असं काय आहे, या विचाराने तो आतून जळत होता. नीट पाहिल्यावर त्याला कळलं, की ती मुद्दे मांडतच नाही. एकेकापाशी कॉफी घेऊन बसते आणि त्याच्या काळजीचं बोलते.

मग तोही कॉफी घेऊन टेबलाटेबलापाशी बसू लागला. त्या रिकाम्या टेबलापाशी दार आणि खिडकी समोरासमोर येतात, आरपार वारा लागतो, आधीच्या माणसाची मान त्यानेच आखडली, असं त्याने प्रत्येकाला हळूच सांगितलं. चाचाकचा माणूस बर्फात उघड्या डोक्याने हिंडेल, पण आरपार वाऱ्यात बसणार नाही. दुपारपर्यंत दोघीजणींनी गळ्याला रुमाल गुंडाळले.

सोमवारी ल्युबिशा नम्रपणे म्हणाला, "कुणालाच नको असेल तर मी बसतो. सोसेन मी."

"वेडा झालास का?" शेजारची मिलेवा म्हणाली. "तुला मरायला पाठवू आम्ही?"

"मला काही होत नाही गं."

"माझा दीरही असंच म्हणायचा."

दिराचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, पण सगळ्यांनी उसासा टाकला. तिथे कुणीच बसायचं नाही, असं एकमताने ठरलं. देसांकाबाईंनी टेबल हलवून खिडकीपुढे मोठं कपाट लावायला सांगितलं. ते इतकं जड होतं, की ल्युबिशालाही हात लावावा लागला. नदी हळूहळू दिसेनाशी झाली.

संध्याकाळी तियाना त्याच्यापाशी आली.

"काका, सगळ्यांना मी केव्हाच पटवलं होतं. टेबल मलाच मिळणार होतं. तुम्ही सगळं फिरवलंत. कसं जमतं हो तुम्हाला?"

तिच्या आवाजातली जळजळ त्याच्या चांगलीच ओळखीची होती. ल्युबिशाने कपाटाकडे पाहिलं, मग छाती किंचित फुगवली.

"बस, सांगतो," तो म्हणाला. "पण आधी ते दार लावून घे. वारा येतोय."