लेझरचा ठिपका आणि होणारे सासरे

स्वसंरक्षणाच्या पिस्तुलावर लेझर लावावा की नाही, या विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा मराठी माणूस अख्ख्या युरोपात सापडणार नाही! हसू नका, ऐका.

गोष्ट २००६ची. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आम्ही सगळे चिप बनवायच्या मशीनवर काम करणारे इंजिनिअर. दिवसभर लेझर जुळवायचे आणि संध्याकाळी सायकली हाणत कुणाच्या तरी घरी गणपतीच्या नाटकाची तालीम करायची. एका कुकरच्या खिचडीत अख्खी टोळी जेवायची. काय दिवस होते हो ते!

नाटकात मी घरमालक. घरात चोर शिरतो आणि मी पिस्तूल काढतो. चोर म्हणजे आमचा गुरुनाथ. खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा इथे चालत नाही, म्हणून हिरवी-नारिंगी पिचकारी आणलेली.

"लोक हसतील रे हिला," मी म्हणालो. "लेझर लावू. अंगावर लाल ठिपका पडला की चोराची पाचावर धारण बसते!"

"तू ठिपका शोधत बसशील तोवर चोर फ्रिजसकट पसार होईल," गुरुनाथ म्हणाला. "सरळ नेम धर की!"

पण मी कसला ऐकतोय! पहिल्या रांगेत वासुदेवकाका बसणार होते. म्हणजे स्नेहलचे बाबा. माझं आणि स्नेहलचं जमलं होतं, आणि काका पुण्याहून खास मला बघायला आले होते. नाटक झालं की होकार किंवा नकार. लेझर बघून तरी म्हणतील, पोरगा हुशार आहे!

प्रेझेंटेशनचा पॉइंटर पिचकारीला टेपने घट्ट बांधला. पण इंजिनिअरचं नुसतं बांधून भागतं का? बाथरूममध्ये पिचकारीत पाणी भरलं आणि ठिपका व धार टाइलवर एकाच जागी पडेपर्यंत जुळवत बसलो. जुळलं तेव्हा स्वतःच टाळ्या वाजवल्या. उरलेलं पाणी ओतायचं तेवढं राहिलं.

"खबरदार!" स्टेजवर मी गरजलो आणि पिस्तूल रोखलं. समोर काका हाताची घडी घालून बसलेले. झालं, माझा हात लागला लटपटायला! एरवी कुणाला कळलंही नसतं, पण तो ठिपका! गुरुनाथच्या पोटावरून कानावर, कानावरून पडद्यावर आणि तिथून थेट पहिल्या रांगेत. लोक पोट धरून हसायला लागले.

"अरे, चोर इकडे आहे!" गुरुनाथ कुजबुजला.

ठिपका काकांच्या क्रीम सफारीवरून वर सरकायला लागला. बापरे, डोळ्यात जाईल! मी घाबरून पिस्तूल खाली ओढलं आणि त्या गडबडीत चाप दाबला गेला.

धार अगदी ठिपक्यावर पडली. ठिपका होता नको तिथे!

नाटक संपल्यावर काका विंगेत आले. आरतीचं ताट ओल्या पँटपुढे धरून.

"हात का कापत होता?"

"काका, तुम्ही नाही म्हणाल याची भीती वाटत होती. स्नेहलशिवाय मला नाही जमणार हो."

काकांनी ताट सावरलं. मग हसले. "तिच्या आजोबांकडे तिच्या आईसाठी मागणी घालायला गेलो, तेव्हा माझेही हात असेच कापत होते. फक्त ते सगळ्यांना दिसावं म्हणून लेझर लावायची अक्कल मला नव्हती!"

होकार मिळाला. पण लग्नात पाया पडायला वाकलो, तर सासरेबुवा माझे दोन्ही हात रिकामे आहेत ना हे बघूनच पुढे आले!