उंदरांच्या ओळखीची

मेंदूविज्ञान विभागाचा नियम असा, की नव्या संशोधक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी पाळीपाळीने तीन प्रयोगशाळांत काम करावे आणि वर्षअखेर त्यांपैकी एका प्राध्यापकाने त्याला पदरात घ्यावे. कोणीच न घेतल्यास प्रवेश रद्द. नियम सुटसुटीत होता आणि विभागाला त्याचा सार्थ अभिमान होता.

आमची विद्यार्थिनी पहिल्या प्रयोगशाळेत उत्साहाने हजर झाली. तिथल्या सरांनी मान वर न करताच सांगितलं, "अनोळखी माणसाला उंदीर घाबरतात. घाबरलेल्या उंदरावरचा प्रयोग फुकट जातो. आधी त्यांना तुमची सवय होऊ द्या. बसा पिंजऱ्याजवळ."

ती बसली. उंदीर तिच्या तळहातावर येऊन निवांत मिशा साफ करू लागले आणि नेमकी तेव्हाच तिथली मुदत संपली. दुसऱ्या प्रयोगशाळेतले उंदीर अर्थातच निराळे होते. पुन्हा बसणं आलं. तिसरीकडेही विज्ञानाचं म्हणणं तेच पडलं.

"काय करतेस गं दिवसभर?" आईने फोनवर विचारलं.

"बसते."

"त्यासाठी एवढ्या लांब गेलीस? घरात काय जागा नव्हती?"

फोन ठेवल्यावर तिला रडूच फुटलं. प्रवेश रद्द झाला तर कोणत्या तोंडाने घरी जायचं?

वर्षअखेर निवड समिती भरली. ती दारातून आत आली.

"ही कोण?" पहिल्या सरांनी विचारलं.

"मला वाटलं, तुमची," तिसरे सर म्हणाले.

अध्यक्षांनी खेदपूर्वक पेन उचललं. तेवढ्यात दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाई ओरडल्या, "अहो, हीच ती! ही गेल्यापासून माझे उंदीर चावतात!"

"माझेसुद्धा!" पहिले सर उठून उभेच राहिले.

मग काय, तिच्यावरून जुंपली. कोणीच माघार घेईना, तेव्हा समितीने एकमताने ठरवलं की प्रवेश कायम करावा आणि तिने तिन्ही प्रयोगशाळांत आलटून पालटून बसावं.

"सर, आणि माझे प्रयोग?" तिने चाचरत विचारलं.

"घाई काय आहे?" अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "आधी आम्हालाही तुमची सवय होऊ द्या."

आईने अख्ख्या इमारतीत सांगितलं, मुलगी कायम झाली. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. ती तिथे करते काय, हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही कायम झालात, तेव्हा तरी कोणी विचारलं होतं?