वाक्य बाकी नसल्याचा दाखला

धामणखेडात प्रत्येक माणसाच्या उजव्या कानामागे पिन लावायची खाच असते, आणि ती घराण्याप्रमाणे गोल, चपटी किंवा तिरकी असते. बाराव्या दिवशी सोनार मूल मांडीवर घेऊन कान टोचतो, तेव्हाच ही खाचही पाडतो. दूध आले का, गॅस संपला का, असले बोलणे तिथेही हवेतूनच चालते. मनातले काही सांगायचे असेल तर मात्र एकाच्या कानापासून दुसऱ्याच्या कानापर्यंत वायर लावावी लागते.

भालचंद्र विसपुते हे तिथले सोनार. गावातल्या निम्म्याअधिक कानांवरून त्यांचा हात फिरलेला. त्यांची स्वतःची खाच गोल होती, पत्नी इंदुमतीची माहेरच्या वळणाची तिरकी. लग्नाआधी आठ दिवस बसून त्यांनी एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला तिरकी पिन असलेली वायर स्वतः केली होती. ती सत्तावीस वर्षे चालली.

सगळ्याच घरांत अशी वायर नव्हती, आणि सगळ्यांना ती हवीही नव्हती. गोल कानाच्या सुनेला चपट्या कानाच्या सासूचे ऐकायचे नसले की ती अदबीने म्हणायची, “पिन जुळत नाही हो, आत्याबाई.” हे उत्तर कोणी उद्धट मानत नसे. कित्येक घरे या एका उत्तरावर उभी होती.

मग नगरपंचायतीचा आदेश निघाला. तीस नोव्हेंबरपर्यंत गावातल्या सगळ्या खाचा एका मापाच्या करून घ्यायच्या. कोणतीही वायर कोणत्याही कानाला लागलीच पाहिजे. यावर दोन दिवस सभा चालली. बिनतारी पक्षाचे म्हणणे असे, की वायर हवीच कशाला? कानात मणी घालावा आणि मोकळे फिरावे. वायरवाल्यांनी त्यावर गेल्या महिन्यातले उदाहरण दिले. मणी घातलेल्या एका शिक्षकाने मनातल्या मनात घातलेली लग्नाची मागणी पाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या गवंड्याच्या कानात गेली होती, आणि गवंड्याने विचार करायला चार दिवस मागून घेतले होते. शेवटी अध्यक्षांनी दोन्ही पक्षांच्या नजरेस आणून दिले, की मणी तरी चार्ज करायला पिन लागतेच. आदेश सर्वांना लागू झाला.

काम करायला जिल्ह्याहून एक डॉक्टर यंत्र घेऊन आले. तीन दिवस बसले. एकही कान पुढे आला नाही. सोनाराने टोचले की दुखत नाही, हे धामणखेडात लहान पोरालाही ठाऊक होते. डॉक्टरांना ते शिकवलेले नव्हते. ते परत गेल्यावर नगरपंचायतीने सभागृहात विसपुत्यांना टेबल, खुर्ची आणि दिवा दिला, आणि शेजारी नागरगोजे नावाच्या कारकुनाला रजिस्टर घेऊन बसवले.

नागरगोज्यांकडे एक छापील अर्ज होता. वाक्य बाकी नसल्याचा दाखला. बोलता बोलता वायर मध्येच निघाली, तर न ऐकलेले बोलणे वायरीतच राहते, आणि जुनी खाच बुजवली की ते कायमचे अडकते. म्हणून खाच बुजवण्याआधी ऐकणाऱ्याने दोनपैकी एका चौकटीत खूण करायची: ‘ऐकले’ किंवा ‘सोडून दिले’. बहुतेक लोक न विचारता दुसऱ्या चौकटीत खूण करत. बिनतारी लोकांना हा अर्ज नव्हता. त्यांचे अर्धे राहिलेले बोलणे हवेत विरून जाते.

“कार्यालयाचं काम किती वाचतं बघा,” नागरगोजे म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या कानात मणी होता.

विसपुत्यांच्या घरी एक वाक्य बाकी होते.

गेल्या वर्षी दहा डिसेंबरला, दुपारी सव्वातीन वाजता, मधल्या खोलीत इंदुमती मेथी निवडत होती. वायर लावलेली होती. ताटावरची नजर न उचलता ती म्हणाली, “एक सांगू? तुम्ही असे समोर बसलात की मला कंटाळा—” आणि तेवढ्यात पुढच्या दुकानातून गिऱ्हाइकाने हाक मारली. विसपुते उठले. वायर कानातून निघाली.

वीस मिनिटांनी ते परत आले, तेव्हा वायर खुंटीला होती आणि मेथी निवडून झाली होती. त्यांनी वायर पुन्हा लावली नाही. ‘कंटाळा’ हा शब्द त्यांना स्वच्छ ऐकू आला होता. पुढे काय असणार, हे कळायला वायर लागत नाही, असे त्यांना वाटले. त्या दिवसापासून ते तिच्यासमोर कमी बसू लागले. दुपारचा चहा दुकानात घेऊ लागले. आठवडाभराने तिने हवेतूनच विचारले, “पुढचं ऐकायचं नाही का?”

“गिऱ्हाईक आहे,” ते म्हणाले. दुकानात कोणीही नव्हते.

तिने पुन्हा विचारले नाही. घरात दूध, गॅस आणि किल्ली एवढ्या विषयांवर बोलणे होत राहिले. विसपुते रात्री अंथरुणावर त्या एका शब्दाला सोने कसाला लावावे तसे घासून बघत, आणि दर वेळी तो खराच निघे.

एकोणतीस नोव्हेंबरला एक्केचाळिसाव्या नंबरवर इंदुमती आली.

“पूर्ण नाव?” नागरगोज्यांनी विचारले.

“परवा आमच्याकडे चहा प्यायलात, तेव्हा माहीत होतं की.”

“वहिनी, रजिस्टरला चहा कळत नाही.”

“इंदुमती भालचंद्र विसपुते. तिरकी.”

“वाक्य बाकी?”

“आहे.”

“कोणी ऐकायचं होतं?”

“हे काय, सुई घेऊन बसलेत.”

नागरगोज्यांनी अर्ज फिरवून विसपुत्यांपुढे ठेवला. “शेठ, ऐकले की सोडून दिले? अर्धा किलो रवा— माफ करा, हे कुणाचं तरी आलं. हां, बोला. आज रांग मोठी आहे.”

विसपुत्यांनी सुई दिव्याखाली ठेवली. सत्तावीस वर्षांच्या सोबतीचा निकाल सभागृहात, एक्केचाळिसाव्या नंबरवर, लोकांसमोर ऐकावा असे त्यांना वाटेना. “सोडून—” त्यांनी सुरुवात केली.

बेचाळिसावा नंबर ठकूबाई कासारणीचा होता. वय सत्त्याहत्तर, डोळे अधू, जीभ ठणठणीत. “का रे भालू,” ती मागून म्हणाली, “माझ्या पणतीचा कान टोचताना म्हणालास, काही दुखत नाही बाळा, मुंगी चावेल तेवढंच. मग तुझ्याच कानाला काय झालं? का सोनाराचे कान टोचायला लोहार बोलवायचा?”

रांग हसली. इंदुमती हसली नाही. तिने पिशवीतून वायर काढून टेबलावर ठेवली.

“सोडायचं तर सोडा,” ती म्हणाली. “सही मीही करीन. पण खूण करण्याआधी सांगते, आत एकच वाक्य नाही.”

“म्हणजे?” विसपुते म्हणाले.

“तुम्ही उठून गेलात म्हणून मी बोलायची थांबले नाही. दुसऱ्या दिवशीही सव्वातीनला बसले. तुमचं टोक खुंटीला, माझं कानाला. साडेचारपर्यंत. रोज.”

नागरगोज्यांनी पेन उचलले. “रोज म्हणजे नेमकं किती?”

“भावाकडे गेले ते चार दिवस सोडून. आणि एक दिवस दाढ काढली.”

नागरगोज्यांनी कागदावर हिशेब मांडला. “तीनशे एकोणपन्नास दुपारी,” ते म्हणाले, आणि आकड्याखाली रेघ मारली.

विसपुत्यांनी वायरीचे गोल टोक हातात घेतले. पिनेवर हिरवट डाग चढला होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला, सवयीने उजेडात धरून बघितला, आणि टोक कानामागे लावले. इंदुमतीने आपले टोक लावले.

“येत,” त्यांना ऐकू आले.

त्यांनी डोळे मिटले. कंटाळा येत. शब्द खराच होता. मग मेथीच्या जुडीतून काहीतरी काढून ताटाच्या कडेला झटकल्याचा आवाज आला. अळी असावी, किंवा पिवळे पान. त्याला वेळ लागला. मग तिचा आवाज पुन्हा आला.

“नाही.”

मराठीत होकार-नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. आधी उठून गेलेल्या माणसाला तो मिळत नाही. हे विसपुत्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले, आणि ते कळेपर्यंत वायरीतली इंदुमती पुढच्या वाक्यावर गेलीही होती: “एरवी निवडणं म्हणजे जिवावर येतं. अहो? गेलात वाटतं. बरं, जा. मी बोलते.”

“झालं?” नागरगोज्यांनी विचारले. “‘ऐकले’वर खूण करू?”

विसपुत्यांनी हात वर करून त्यांना थांबवले. “ऐकतोय,” ते म्हणाले.

“‘ऐकतोय’ला चौकट नाही.”

“मग काढा.”

नागरगोजे सतरा वर्षे नोकरीत होते आणि छापील अर्जावर त्यांनी आजवर स्वतःची रेघ ओढली नव्हती. त्यांनी पट्टी घेतली, तिसरी चौकट आखली आणि तिच्यापुढे नीट अक्षरात ‘ऐकणे चालू’ असे लिहिले. मग त्यांना एक शंका आली.

“वहिनी, वायरीतलं बोलणं भरभर ऐकता येत नाही. जेवढं बोललात तेवढाच वेळ लागणार. रोज सव्वा तास धरला तरी वर्ष निघालं.”

“निघू दे.”

“पण हे ऐकत असताना तुमचंही टोक कानाला असणार. तुम्ही तेव्हा गप्प बसणार का?”

इंदुमतीने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” ती म्हणाली.

“मग ते नवीन बोलणं मागं जाऊन साठणार. शेठ वर्षभर ऐकतील, तोवर पुढचं वर्ष आत आलेलं. हे संपणार कधी?”

“तुम्हाला घाई आहे का?”

नागरगोज्यांना घाई नव्हती. फक्त रजिस्टरला होती. त्यांनी शेरा मारला: कामकाज पूर्ण होईपर्यंत एक गोल व एक तिरकी खाच आदेशातून वगळण्यात येत आहे. ठकूबाईने खालच्या जागी साक्षीदार म्हणून अंगठा दिला आणि आपला कान पुढे केला. विसपुत्यांनी वायर न काढता तिची नवी खाच पाडली. तिला दुखले नाही.

तीस तारखेला बाकी सगळे गाव एका मापाचे झाले. त्याचे बरेवाईट परिणाम दिसले. वर्षानुवर्षे न जुळलेल्या भावांनी एकमेकांना वायर लावली. त्यांतले दोघे दुसऱ्याच दिवशी पुन्हा भांडले, पण या वेळी नेमके कारण माहीत असल्यामुळे भांडण लवकर आटपले. ‘पिन जुळत नाही’ म्हणायची सोय गेली. सुनांची पंचाईत झाली, पण फार दिवस नाही. त्यांनी मणी घेतले, आणि हल्ली त्या म्हणतात, “चार्जिंग संपलंय हो, आत्याबाई.” हे उत्तरही आता कोणी उद्धट मानत नाही.

विसपुते रोज सव्वातीनला मधल्या खोलीत बसतात. कानाला गोल टोक, समोर इंदुमती, तिच्या कानाला तिरके. ती आजचे बोलते. ते गेल्या वर्षीचे ऐकतात. कधी ते एकदम हसतात, आणि ती निवडता निवडता थांबून आठवते, आपण असे काय बोललो होतो. कधी ते हळहळतात. फेब्रुवारीत एकदा त्यांनी गडबडीने तिच्या गालाला हात लावून बघितला. तिच्या दाढेची कळ त्यांच्यापर्यंत तेव्हा पोचली होती.

मेच्या शेवटी एका दुपारी ती गवार मोडत होती. ते बराच वेळ मान खाली घालून ऐकत होते.

“कुठं आलात?” तिने हवेतून विचारले.

“लोणचं घालतेस.”

“कैऱ्या चिरून झाल्या?”

“झाल्या. मीठ लावतेस.”

तिने दोन शेंगा मोडल्या. “मग उद्याचं जरा जपून ऐका,” ती म्हणाली. “उद्या मी तुमच्यावर फार चिडणार आहे.”

“बरं,” विसपुते म्हणाले. “किती वाजता?”

“साधारण चारला.”