संजूचं कुलूप

मिश्रीलालशेठ रस्त्यानं जाताना लोकांच्या दारांची कुलपं ओढून बघतात. दुकानाचं शटर असो, देवळातली दानपेटी असो, थांबायचं, कुलपाला हिसका द्यायचा, "मजबूत शे" म्हणायचं आणि पुढे निघायचं. एकदा नव्यानं बदलून आलेल्या हवालदारानं त्यांना चोर समजून चौकीत नेलं. तिथून सुटताना शेठनी कोठडीचं कुलूप ओढून पाहिलं आणि "हाई बदला, साहेब" असा फुकटचा सल्ला देऊन आले.

धुळ्यात आग्रा रोडवर त्यांचं कुलपांचं दुकान आहे. आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ गिऱ्हाइकाशी अहिराणी-मराठीची मिसळ बोलतात, 'आहे'च्या जागी 'शे'. मी त्यांचा शेजारी. माझा कॉम्प्युटर क्लास असल्यामुळे गल्लीत कुणाचंही मशीन बिघडलं की मला बोलावणं येतं. मी हात लावल्यावर ते आणखी बिघडतं, पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही. अक्कल असती तर कदाचित घेतली असती.

शेठचा एकुलता एक मुलगा संजू. त्याला गल्ल्यावर बसायचं नव्हतं, म्हणून बापाशी भांडून अमेरिकेला गेला. सिनेमाच्या डिस्कची कुणी चोरून कॉपी करू नये म्हणून तिच्यात एक कुलूप घातलेलं असतं. ते बनवणाऱ्या कंपनीत तो लागला. हे कळलं तेव्हा शेठनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. "कुठे बी जावो, पोऱ्या कुलपंच करस!" फोन सुरू झाले, पण दर दिवाळीला बोलावूनही पोरगा येत नव्हता. त्यानं एकदा घरी यावं, शेठना एवढंच हवं होतं.

मध्यंतरी त्यानं वाघांवरच्या एका सिनेमाची ब्ल्यू-रे डिस्क पाठवली. शेठनी घरच्या कॉम्प्युटरला लावायला ड्राइव्ह विकत आणला आणि मला हाक मारली. मी ऐटीत डिस्क सरकवली. समोर अंधार आणि एक सूचना: हा मॉनिटर भरवशाचा नाही, चित्र दाखवता येणार नाही.

"चुटकीसरशी करतो," मी म्हणालो. महिना गेला. मी शेठना प्लेअरचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. ते इंटरनेटवरून नव्या किल्ल्या, म्हणजे कुलपाचे ताजे कोड मागू लागलं, ते उतरवून दिले. मग विंडोज नव्यानं टाकलं, त्यात दुकानाचे सगळे फोटो उडाले. वाघ काही दिसेना. गंमत म्हणजे मी तोंडावर आपटलो की शेठची कळी खुलायची. "मजबूत शे!" म्हणत ते मलाच चहा पाजायचे. शेवटी मी शरमेनं सुचवलं, "जळगावात एकाकडे हे कुलूप फोडायचं सॉफ्टवेअर आहे."

शेठ ताडकन उठले. "सर, जो कुलूप फोडस तो चोर. घरमालकाचा मान ठेवा."

मग एकदाचा दोष सापडला. मॉनिटरची जुनी केबल त्या कुलपाला चालत नव्हती. मी नवी केबल नाचवत गेलो, तर शेठनी माझा हातच धरला.

"राहू द्या."

"अहो, आता लागेल सिनेमा!"

"माले ठाऊक शे. संजूनं केबलचं कधीच सांगितलं होतं."

"मग माझ्याकडून विंडोज कशाला बदलून घेतलंत?"

"तुमचा उत्साह मोडवत नव्हता."

मी केबल टेबलावर ठेवली. शेठ हळू आवाजात बोलू लागले. "आपल्या दुकानाचा रिवाज शे, सर. आपलं कुलूप अडलं तर गिऱ्हाइकाले खेटे मारू द्यायचे नाहीत, आपणच त्याच्या घरी जायचं. एका तिजोरीसाठी मी पार पिंपळनेरले गेलतो, संजू संगे होता. मी त्याले म्हटलं, तुझं कुलूप अडलंय, गिऱ्हाईक म्हातारं शे, तू ये." ते डिस्कच्या डबीवरून बोट फिरवत राहिले. "तर म्हणे, सर बघतील ना."

मला फार वाईट वाटलं. बापलेकांच्या मध्ये मीच पाचर होऊन बसलो होतो.

"लावा फोन," मी म्हणालो.

शेठनी फोन लावून माझ्या हातात दिला. माझा आवाज ऐकताच संजूनं विचारलं, "सर, केबल बदलली?"

मी केबल पिशवीत कोंबली. "सगळं करून पाहिलं, बाबा. माझ्यानं होत नाही. तुलाच यावं लागेल."

पलीकडे त्यानं आवाज खाली आणला. मग त्यानं विचारलं, "पप्पा आहेत का जवळ?"

शेठनी घाईघाईनं नकारार्थी मान हलवली.

"नाहीत. दुकानात गेलेत."

"मग त्यांना सांगा, डिस्कला कुणाला हात लावू देऊ नका. मी येतो उघडायला."

शेठनी फोन माझ्या हातून घेतला. तो केव्हाच बंद झाला होता, तरी ते कानाला लावून बसले.