भिंगवाले राजीनामा देत नाहीत

“मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!” हे भिंगवाल्यांचं लाडकं वाक्य. पडद्यांच्या कारखान्यात डोळ्याला भिंग लावून कापडातले दोष शोधण्यात त्यांची उमर गेली. खरं आडनाव सगळे विसरले, आणि दोष शोधायची सवय कापडापुरती उरली नाही. दूधवाला हसला तरी ते पातेल्यात वाकून बघत!

अशा माणसाच्या कानावर आलं, की कारखान्यात कापड तपासणारं यंत्र येतंय आणि माणसं कमी होणार. त्यांनी तडक मेहुण्याला गाठलं. मेहुणा कारखान्यासमोरच्याच वकिलाकडे कारकून. म्हणजे सासरच्या घरात सरन्यायाधीशच!

“भावजी, नीट ऐका,” मेहुणा म्हणाला. “माणसं जास्त झाली म्हणून मालकाने काढलं, तर भरपाई मिळते. जितकी नोकरी जुनी तितकी रक्कम मोठी. पण स्वतःहून राजीनामा दिलात, की त्या भरपाईवर पाणी सोडा! म्हणून काही मालक माणसाला असा जेरीस आणतात, की तो आपणच निघून जातो.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून भिंगवाल्यांना जळी-स्थळी कारस्थान दिसू लागलं. डोक्यावरचा पंखा बंद पडला. “घामाने पळवतायत!” खोलीला रंग द्यायचा म्हणून त्यांचं टेबल संडासाशेजारी हलवलं. “आता वासाने!” ते नाकाला रुमाल बांधून दरोडेखोरासारखे कापड तपासत बसले, पण जागचे हलले नाहीत.

अशात त्यांना ताप भरला. मॅनेजरबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “काका, अंग फणफणलंय तुमचं. घरी जाऊन आराम करा.”

“मी कुठ्ठे जाणार नाही!” भिंगवाले कुडकुडत ओरडले आणि समोरच्या निळ्या मखमलीवर सणसणीत शिंकले. बाई ती मखमल उचलून धुवायला घेऊन गेल्या. एवढी गोड बाई? यात नक्कीच काळंबेरं!

ताप उतरला, पण डोकं तापलेलंच. हे लोक काढत नाहीत आणि आपण सोडायचं नाही, मग भरपाई मिळणार कधी? भिंगवाल्यांनी शिलाई यंत्रांच्या खडखडाटातच मेहुण्याला फोन लावला. “मीच त्यांना काढायला भाग पाडलं तर?”

“काढलं तर मिळतं, पण भावजी, गैर…” पुढचं खडखडाटात बुडालं.

“गैर काय त्यात!” म्हणत भिंगवाल्यांनी फोन ठेवला, बाह्या सरसावल्या आणि भर कारखान्यात मॅनेजरबाईंपुढे उभे राहिले.

“तुमच्या पडद्यांना जेवढी भोकं नाहीत, तेवढी तुमच्या कारभाराला आहेत! चाळण आहे चाळण! काढा मला! आत्ता काढा!”

सगळी यंत्रं थांबली. तेवढ्यात दारातून मेहुणा धापा टाकत आत घुसला. “भावजी, थांबा! गैरवर्तनासाठी काढलं तर भोपळा मिळतो, भोपळा!”

भिंगवाल्यांचा चेहरा धुतलेल्या पडद्यासारखा आटला. “बाई, चाळण म्हणजे… चांगल्या अर्थाने म्हणालो मी!”

बाई चिडल्या नाहीत. त्या कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

“काका, तुम्हाला कोण काढतंय? जाणार तर मी आहे. मालक म्हणतात, गुपचूप राजीनामा द्या, म्हणजे तुमचं नाव चांगलं राहील. संध्याकाळी सही करायचीय.”

भिंगवाले ताडकन ताठ झाले. कारस्थान खरंच होतं! फक्त ते चुकीच्या टेबलावर शोधत होते.

“करू नका सही!” ते गरजले. “अहो मेहुणे, बघत काय बसलात? सांगा यांना!”

मेहुण्याने घाम पुसत विचारलं, “बाई, नोकरीवर घेताना करार झाला होता ना? त्यात काढल्यास काय देणार, ते आहे?”

“आहे. पण ते काढल्यावर. राजीनाम्यावर नाही.”

“मग मालकांना काढू दे तुम्हाला!” भिंगवाले म्हणाले.

तिघं मिळून मालकांच्या खोलीत गेले. मालकांनी आधी आवाज चढवला, मग घरोब्याच्या गोष्टी केल्या, मग पाणी मागवलं. बाई एकच वाक्य धरून बसल्या, “मी राजीनामा देणार नाही.” शेवटी मालकांना जागा कमी केल्याचं लेखी द्यावं लागलं आणि करारातली भरपाईही मोजावी लागली.

निघताना बाई म्हणाल्या, “काका, नवं यंत्र चालवायला मी तुमचं नाव दिलंय. मालक हो म्हणालेत.”

घरी भिंगवाल्यांनी बातमी सांगितली. बायको खूश झाली. “नोकरी राहिली, पगारही वाढेल. आता तरी हसा!”

भिंगवाले उठून दाराला कडी लावून आले. मग खुर्ची पुढे ओढून कुजबुजले,

“राहिली खरी. पण मी म्हणतो, एवढ्या शिव्या खाऊनही त्यांनी मला ठेवलं कशाला?”