राऊत सरांच्या घरातले आवाज

राऊत सर उत्तरपत्रिका तपासत नाहीत, मुलांना घरी बोलावतात.

पालघरजवळच्या माहीमला मी त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच दुपारी भिंतीपलीकडे एक मुलगा घोगऱ्या आवाजात निबंध वाचू लागला. मग एक बोबडी मुलगी. मग कुणीतरी सर्दी झालेला. बाहेर वाडीत झावळीसुद्धा हलत नव्हती. मी समोरच्या भागीकाकूंना विचारलं, "सरांकडे शिकवणी असते?"

"कसली शिकवनी! एकलेच हायेत. बायको गेली, पोर नाय. पेपरांचा गठ्ठा आला का असंच. आमी नाय जात तिकडं."

मी गेलो. मला सही हवी होती. शालान्त परीक्षेच्या मराठीत मुद्द्याला अर्धा गुण देणाऱ्या तक्त्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं: 'तिकडे तारापूरला अणू फोडायला निघालेत, इकडे आम्ही अर्ध्या-अर्ध्या गुणाने कविता फोडतो!'

"या पुढारी," माझ्या हातातलं पत्रक पाहून सर म्हणाले. "हळू बोला, मुलं आहेत."

समोर रिकामा पाट. सर पाटाला "बसा" म्हणत, अक्षर निरखत आणि त्या अक्षराला शोभेल तो आवाज काढत. गैरहजर क्रमांक आला की पाटासमोर पाच मिनिटं गप्प बसत. "त्याची वेळ त्याला द्यायला नको?" माझ्या अंगावर काटा आला. मी मनातल्या मनात काट्याचा निषेध केला आणि पत्रक पुढे सरकवलं.

"सही केली तर गठ्ठा बंद होईल. मग इथे कोण येईल? तुम्ही?"

"सर, हा भित्रेपणा आहे!"

सरांनी पुढचा पेपर उघडला. प्रश्न होता, कवीला काय सांगायचे आहे? सर बारीक, मुलीच्या आवाजात वाचू लागले, "कवीला काही सांगायचे नाही. घरात कुणी नाही म्हणून तो बोलतो आहे."

आवाज थांबला. तक्त्यात चार मुद्दे होते, तिच्या उत्तरात एकही नव्हता. म्हणजे शून्य. बाकीची बेरीज तेहतीस, पास व्हायला पस्तीस हवेत.

"कुठली असेल हो ही?" सर स्वतःच्या आवाजात म्हणाले. त्यांनी दोनपैकी दोन गुण दिले, समासात लिहिलं, 'तक्ता अपुरा आहे', आणि खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली.

गुण कमी करा, असं तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकांचं पत्र आलं. सरांनी उलट टपाली नकार कळवला. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रासाठी मला पालघर स्टेशनवर पिटाळलं. तिचा क्रमांक छापून आला होता. नुसता क्रमांक; नाव नाही, गाव नाही. सरांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

यंदा गठ्ठा आला नाही. भिंतीपलीकडे आठवडाभर शांतता होती. काल दुपारी मला राहवेना, दाराशी गेलो. आत ती बारीक आवाजाची मुलगी बोलत होती.

"सर, जेवलात का?"

"हो बाळ, जेवलो."

दारातून मला चूल दिसत होती. मी ओरडलो, "खोटं बोलू नका सर! चूल पेटलेलीच नाही!"

आतून मग तोच बारीक आवाज हळूच म्हणाला, "सर, कुणीतरी आलंय बघा."