वैजिनाथअण्णा आणि आमचा बोअर

जळकोटात कुणाच्याही दारात बोअरची गाडी उभी राहिली की तिच्या पाठोपाठ वैजिनाथअण्णा स्वतःची खुर्ची घेऊन येतात. बोलावणं लागत नाही. लग्नाला बोलावणं असूनही ते जात नाहीत. तिथं काय होणार ते आधीच छापलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. बोअरचं तसं नाही. खुर्ची धुरळा येणार नाही अशा बाजूला मांडायची, डोक्याला पंचा गुंडाळायचा आणि नारळ फुटून कंप्रेसर धडधडू लागला की घरमालकाकडं वळून म्हणायचं, "कोरडा जाणार बगा."

शुभकार्याच्या सुरुवातीला असं बोलणाऱ्याला दुसऱ्या एखाद्या गावानं हाकलून दिलं असतं. आमच्या गावात अण्णांना चहा मिळतो. "त्यांचं त्वांडच तसलं हाय," असं म्हणून लोक कामाला लागतात.

शिवाय त्यांचं भाकीत बऱ्याचदा चुकतं, हाही गावाला मोठा आधार आहे. मात्र ते चुकतं ते शास्त्रोक्त पद्धतीनं. रॉड बदलताना दर वेळी अण्णा उठतात, वर आलेली भुकटी चिमटीत घेतात, हुंगतात, जिभेच्या टोकाला लावतात आणि थुंकून "बिनमिठाचा दगड" असा निकाल देतात. एकदा मागच्या गल्लीत हा निकाल चालू असतानाच पाण्याचा फवारा उसळला आणि अण्णा धोतरासकट न्हाऊन निघाले. धोतर पिळत म्हणाले, "ऱ्हायचं न्हाय हे पाणी." त्या बोअरवर आजही सगळी गल्ली पाणी भरते. कुणी आठवण करून दिली तर म्हणतात, "मग? ह्यो उन्हाळा कुठं सरलाय अजून?"

शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी सोलापूरचं बिऱ्हाड हलवून ओढ्याकाठच्या आमच्या जागेवर घर बांधलं आणि अण्णा माझे समोरचे शेजारी झाले. घर झालं, पण पाणी नव्हतं. माझी बायको सुमन माकणीची. धरणाच्या शेजारी वाढलेली, म्हणजे पाणी रोज डोळ्यांनी पाहणारी आणि डोक्यावरून आणणारी. तिनं शांतपणे सांगून ठेवलं होतं, की बोअरला पाणी लागलं तर इथं राहू, नाहीतर परत सोलापूरला. "म्हातारपणी पुन्हा घागर उचलायला मी काही आले नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. आणि मला तर इथंच राहायचं होतं. इतकं, की आयुष्यभर कशावरही विश्वास न ठेवणारा मी, मिळेल त्यावर विश्वास ठेवायला तयार झालो.

पाणी बघायला दोघं आले. एक पाणाडी, तळहातावर नारळ घेऊन. त्याचा नारळ पूर्वेच्या कोपऱ्यात उभा राहिला. दुसरे मशीनवाले, लॅपटॉप घेऊन. त्यांची पडद्यावरची रेघ पश्चिमेच्या कोपऱ्यात खाली वाकली. दोघांची खात्री सारखीच पक्की होती. तेव्हा माझे मेहुणे दिनकरराव यांनी कुणाचाच अपमान नको म्हणून बरोबर मधली जागा निवडली.

बोअरच्या दिवशी गल्ली भरून गेली. गावचे एक पुढारी नारळ फोडायला आले. नारळ फुटला तेव्हा फोटोवाल्याचं लक्ष नव्हतं, म्हणून दुसरा फोडला. अण्णांनी खुर्ची मांडली आणि सुमनकडं बघून आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. अण्णांच्या चहात त्या दिवशी साखर पडली नाही.

वरची काळी माती सरली आणि ओढ्याचा जुना गाळ लागला, चिकणमाती आणि गोटे. गोटे सारखे आत ढासळत होते, ते अडवायला घातलेला केसिंगचा पाईप खाली जाईना. तेवढ्यात ओला गाळ वर आला आणि त्यामागं गढूळ पाणी. गल्लीनं एकच गलका केला. दिनकररावांनी व्हिडिओ काढून पाव्हण्यारावळ्यांना पाठवला. पुढारी आपल्या हातगुणावर चार शब्द बोलले. पेढे आले. सुमननं ते पाणी तांब्यात धरून त्याला हळदकुंकू वाहिलं. गाडीवरचा तमिळ ऑपरेटर मोडक्या हिंदीत सांगत होता, की हे ओढ्याचं झिरपलेलं पाणी आहे, पाईप खडकात बसला की बंद होईल. पण पेढे वाटले जात असताना हिंदी कुणाला कळत नाही.

पाईप खडकात बसला आणि पाणी बंद झालं. त्यानंतर काळा पाषाण जो सुरू झाला तो संपेचना. राखाडी भुकटी उडत राहिली. झाडं, माणसं, उरलेले पेढे, सगळं एका रंगाचं झालं.

कोरड्या बोअरवरून माणसं कशी निघून जातात, ते मी त्या दिवशी पाहिलं. मयतीला निदान शेवटपर्यंत थांबायची रीत आहे. इथं निरोपसुद्धा घ्यायचा नसतो. घरमालकाच्या नजरेला नजर भिडायला नको म्हणून माणूस मागच्या मागं सटकतो. पुढाऱ्यांना फोन आला. मशीनवाल्यांचा फोन लागेना. दिनकररावांना नळदुर्गचं तातडीचं काम आठवलं. दुपारी ऑपरेटरनं मान हलवली, रॉड वर काढले, आणि गाडीही गेली.

अंगणात भुकटीचा ढीग उरला. मी, सुमन आणि अण्णा.

एवढं बरोबर आलेलं भाकीत अण्णा आता साजरं करणार, असं मला वाटलं. ते उठले, घरी गेले आणि पिठलं, कांदा आणि भाकरी घेऊन परत आले. एकट्या पुरुषानं थापलेल्या भाकरी होत्या, जाड आणि काठाला करपलेल्या.

"खाऊन घ्या," ते म्हणाले. "आज तुमच्यात चूल पेटायची न्हाय."

सुमननं विचारलं, "अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं कोरडा जाणार म्हणून?"

"मला काय कळतंय त्यातलं? व्हय म्हणायला सगळा गाव असतोय. एकानं तरी न्हाय म्हणावं, मनाला जरा टेकू ऱ्हातोय. भाकरी तर मी दर बोअरला थापतोच. पाणी लागलं तर गाईला घालतो."

मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या दारातला पहिला बोअर कोरडा गेला तेव्हा त्यांची बायको शांताबाई उंबऱ्यात बसून होती. सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, दुपारी शेजाऱ्यांनीसुद्धा दारं लावून घेतलेली. पाणी न लागल्याचं तिला एवढं वाटलं नाही, माणसं गेल्याचं वाटलं. पुढं काही वर्षांनी दुसरा बोअर पाडला. त्याला धो धो पाणी लागलं. ते बघायला शांताबाई नव्हती.

अण्णांनी हातातला कांदा सोलून आमच्या पुढ्यात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर, एका माणसाला किती पाणी लागतंय? पाईप टाका. गल्ली ओलांडली की झालं."

सुमननं त्याबद्दल काय द्यायचं ते विचारलं, तेव्हा त्यांनी विचार केला.

"मोटर माझ्याकडं, टाकी तुमच्या गच्चीवर. मला दिसायची न्हाय. भरली की तेवढी हाक मार, लेकी."

पाईप दुसऱ्याच दिवशी पडला. आम्ही सोलापूरला गेलो नाही.

दिवाळीला आमचा मुलगा आला तो टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र घेऊनच. सुमननं ते खोक्यासकट माळ्यावर टाकलं. आई जुन्या विचारांची आहे, असं त्याचं मत झालं. आम्ही ते खोडलं नाही.

रोज सकाळी ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून हाक मारते, "अण्णा, भरली." मोटर बंद होत नाही. टाकीतून पाणी सांडायला लागतं. मग ती पुन्हा, जरा मोठ्यानं हाक मारते, तेव्हा कुठं पलीकडून "आलो, आलो" ऐकू येतं.

अण्णांचे कान चांगले आहेत, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.